जुना कूलर, नवी अक्कल
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मार्च संपत आला की आमच्या आर्णीत घरोघरी एकच खटाटोप सुरू होतो. खिडकीबाहेर ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेला कूलर मोकळा करायचा, गेल्या वर्षीचं गवत काढून नवं भरायचं, पंप चालतो का पाहायचं. अरुणावतीचं पात्र आटत जातं, दुपारी रस्ते ओस पडतात आणि मग नवतपा संपेपर्यंत घराचा सगळा भार या पत्र्याच्या पेटीवर असतो.

आमच्या घरचा कूलर वडिलांनी १९९१ साली यवतमाळहून आणला. जाड पत्रा, मोठा पंखा, तीन बाजूंना जाळ्या. त्याचा आवाज इतका, की पाहुण्यांना पहिल्या रात्री झोप लागत नाही आणि आम्हाला तो बंद पडला की जाग येते.

सात-आठ वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका संध्याकाळी माझी पत्नी या कूलरमध्ये पाणी भरत होती. नळी टाकीत सोडली आणि दुसरा हात पत्र्याला लागला. तिला इतका जोराचा झटका बसला, की ती मागे फेकली गेली. पायांत रबरी चपला होत्या आणि हात पत्र्याला चिकटून राहिला नाही, म्हणून वाचली. मी धावत गेलो. तिचं पहिलं वाक्य होतं, “अहो, मी बटण बंद केलं होतं!”

आणि बटण खरंच बंद होतं. मग पत्र्यात वीज आली कुठून?

याचं उत्तर दोन दिवसांनी मिळालं. माझा पुतण्या मुंबईत बोटींवरच्या वातानुकूलनाची कामं करतो. तो सुटीवर आला होता. त्याने टेस्टर लावून पाहिला आणि मला दोन चुका दाखवल्या. पहिली चूक, पंपाच्या वायरचा जोड टाकीच्या आत होता, नुसती चिकटपट्टी गुंडाळलेला. पाणी वर चढलं की तो जोड बुडायचा. दुसरी चूक, प्लग दोन पिनांचा होता. असा प्लग सुलटा बसतो तसा उलटाही बसतो. उलटा बसला की कूलरवरचं बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडतं. पंखा थांबतो, पंप थांबतो, पण वीज आत येऊन उभीच असते. ती जोडातून पाण्यात, पाण्यातून पत्र्यात उतरली होती आणि जमिनीत जायला वाट शोधत होती. ती वाट माझ्या पत्नीच्या अंगातून गेली.

मी म्हणालो, हा कूलर आता भंगारात देऊ. पुतण्या हसला. “काका, बोटीवर आम्ही असं करत नाही. बॉडी ठणठणीत असेल तर मशीन टाकत नाही, कंट्रोल बदलतो.”

त्याने सांगितलेलं मला फार उपयोगी वाटलं, म्हणून तुम्हालाही सांगतो. बोटीवरचा एसी खोलीतली उष्णता समुद्राच्या पाण्यात सोडतो. त्यासाठी एक पंप सतत खारं पाणी खेचत असतो. जुन्या बोटींवर गोल फिरवायची बटणं आणि वायू भरलेल्या बारीक नळीचा थर्मोस्टॅट असतो. नळी जुनी झाली की तिचा अंदाज चुकतो. नवं नियंत्रण बसवताना दोन गोष्टी साधायच्या असतात, क्रम आणि पहारा. आधी पाण्याचा पंप सुरू होईल, मग कॉम्प्रेसर, हा क्रम. आणि पाणी अडलं किंवा विजेचा दाब उतरला तर यंत्र स्वतःहून थांबेल, हा पहारा.

नियंत्रण ही काही चैनीची गोष्ट नव्हे. खोलीतला विजेवरचा थर्मोस्टॅट अमेरिकेतल्या वॉरन जॉन्सन नावाच्या शिक्षकाने केला आणि १८८३ साली त्याचं पेटंट घेतलं. थंडीच्या दिवसांत शाळेचा शिपाई तपमान पाहायला वर्गात पुन्हा पुन्हा येई आणि शिकवण्यात व्यत्यय येई, हे त्याचं निमित्त. माणसाने दर तासाला उठून करायचं काम यंत्राने स्वतः करावं, इतकीच त्यामागची कल्पना.

कूलरच्या बाबतीत हे काम कोणतं, ते कळायला कूलर गार कसा करतो हे पाहावं लागेल. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता घेतं. एक लीटर पाणी उडून जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषतं, म्हणजे विजेच्या हिशेबात जवळजवळ दोन तृतीयांश युनिट. आणि ते पाणी वर चढवणारा पंप असतो जेमतेम वीस वॅटचा. इतकं स्वस्त गारपण दुसरं नाही.

पण हे गणित कोरड्या हवेचं आहे. मे महिन्यात बाहेर ४४ अंश आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर चांगला कूलर २७-२८ अंशांची हवा देतो. जुलैत ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना तोच कूलर जेमतेम दोन-अडीच अंश उतरवतो आणि वर खोलीत दमटपणा भरतो. अंथरूण ओलसर लागतं, अंग चिकचिकतं आणि आपण कूलरला नावं ठेवतो. दोष कूलरचा नसतो, चालू राहिलेल्या पंपाचा असतो. खिडकी-दार बंद ठेवलं तर मे महिन्यातही हेच होतं. ओल्या हवेला बाहेर जायला वाट हवीच.

म्हणून पुतण्याने पंखा आणि पंप यांची बटणं वेगळी केली. पंपाच्या वाटेत आर्द्रता आणि तपमान मोजणारा एक छोटा नियंत्रक बसवला. आर्द्रता आम्ही ठरवलेल्या आकड्यावर गेली, किंवा पहाटे खोली पुरेशी गार झाली, की पंप थांबतो आणि पंखा चालू राहतो. संध्याकाळी सुरू करताना आधी दहा मिनिटं फक्त पंप चालतो, गवत भिजतं, मग पंखा फिरतो. त्यामुळे सुरुवातीची गरम हवा आणि धूळ तोंडावर येत नाही. टाकीत तळाशी एक तरंगतं बटण आहे. पाणी संपलं की पंप थांबतो, कोरडा फिरून जळत नाही.

हे झालं सोयीचं. खरा पहारा वेगळाच.

पंप बदलून १२ व्होल्टचा लावला. त्याचा अ‍ॅडॅप्टर कूलरपासून दूर, भिंतीवर, कोरड्या जागी आहे. म्हणजे टाकीच्या पाण्यात घरातली २३० व्होल्टची वीज उतरतच नाही. तीन पिनांचा प्लग आला आणि पत्र्याला अर्थिंगची वायर पक्की बसली. आणि मुख्य बोर्डात आरसीसीबी बसवला.

या शेवटच्या वस्तूबद्दल थोडं थांबून सांगतो. पुष्कळांना वाटतं, घरात फ्यूज आहे, काळजी नाही. पण फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो, माणसाला नव्हे. पाच अँपिअरचा फ्यूज उडायला पाच अँपिअरहून जास्त प्रवाह लागतो. माणसाचं हृदय थांबायला त्याचा शंभरावा भागही पुरतो. आरसीसीबी वेगळं मोजतो. जितकी वीज गेली तितकीच परत आली का? मध्येच ३० मिलिअँपिअर जरी दुसऱ्या वाटेने गेले, तरी तो डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. त्यावर तपासणीचं एक बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबून पाहायचं.

ही कामं घरी करून पाहू नका. जाणत्या वायरमनला बोलवा. पण त्याला एक गोष्ट आवर्जून सांगा. जुनी वायर काढण्याआधी कोणती कुठे जाते याचा कागदावर नकाशा काढ. माझ्या पुतण्याने पेचकस हातात घेण्याआधी अर्धा तास हेच केलं होतं. तो कागद आजही आमच्या बोर्डाच्या झाकणामागे चिकटवलेला आहे.

आणखी एक. आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, सुकवा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि त्याला आठवडा-दहा दिवस पुरतात. याला कोणताही नियंत्रक उपयोगी नाही, आपले हातच लागतात.

आमचा कूलर अजून चालतो आहे. आवाज तेवढाच आहे. फरक पडला तो पत्नीच्या एका सवयीत. पाणी भरायच्या आधी ती प्लग ओढून काढते आणि त्याची वायर खिडकीच्या गजावर, आपल्या डोळ्यांसमोर लटकवते. एवढी सगळी नवी यंत्रणा बसवल्यावर याची काय गरज, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, “यंत्र त्याचं काम करेल. मी माझं करते.”

श्रोतेहो, उद्या सकाळी आपल्या कूलरचा प्लग एकदा पाहा. पिना किती आहेत, तेवढं मोजा.