ठसा: उलटा आणि सुलटा

‘ठसा उमटवला’ ही आमच्या वृत्तपत्रांची लाडकी जोडगोळी. कोणी तालुक्याच्या स्पर्धेत तिसरा आला तरी ठसा उमटतोच. खरा ठसा इतका स्वस्त नव्हता. तो कोरावा लागे, ठोकावा लागे आणि मुख्य म्हणजे उलटा करावा लागे.

मराठीने या शब्दात एक गंमत करून ठेवली आहे. ज्याने छापायचे तोही ठसा, आणि छापून उमटले तोही ठसाच. सोनाराचा पितळी ठसा हे हत्यार. अंगठ्याचा किंवा चिखलातला बिबट्याचा ठसा ही खूण. कोणाचे काही अडत नाही. जुने शिवराई नाणे हातात घेऊन पाहा. टाकसाळीतला ठसा बहुधा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा, म्हणून ‘श्री राजा शिव’मधले एखादे अक्षर काठाबाहेर गेलेले असते. हत्यार पुरे, खूण अपुरी.

१८०५ साली मिरजेत गीता छापली गेली ती तांब्याच्या पत्र्यांवर कोरून. तिथे अख्खे पान हाच ठसा. त्यातले एक अक्षरही दुसऱ्या पोथीच्या कामाचे नाही. त्याच वर्षी बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरीचे मराठी व्याकरण सुट्या देवनागरी खिळ्यांनी छापून निघाले. पुढचे शतक खिळ्यांचे झाले.

खिळा घडे कसा? पोलादी कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे; हा पंच. तो तांब्यात ठोकला की खोलगट, सुलटी मातृका तयार. तिच्यात शिसे, कथील आणि अँटिमनीचा रस ओतला की खिळा पुन्हा उलटा, आणि कागदावर अक्षर सुलटे. राणोजी रावजी आरूंनी जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यासाठी असे पंच कोरले. निर्णयसागरी पोथी उघडली की त्या हाताची करामत आजही दिसते; मला तरी त्याहून देखणा देवनागरी टाइप माहीत नाही.

त्यातही रोमन लिपीसारखी सोय नाही. जोडाक्षरे आहेतच, शिवाय वर मात्रा, खाली उकार. कलकत्त्याकडच्या ‘अखंड’ पद्धतीत मात्रा अक्षरासकट ओतलेली असे. मुंबईच्या ‘डिग्री’ पद्धतीत वर, मधे, खाली असे तीन थर जुळाऱ्याने एकावर एक बसवायचे. खिळे कमी लागत, डोळे जास्त. केसरीसाठी खिळ्यांची संख्या घटवायच्या खटाटोपात खुद्द टिळक पडले होते.

चित्रांचे जस्ती ब्लॉक हीही ठशाचीच भावंडे. ऑफसेट आला आणि ब्लॉक, खिळे, खिळे ठेवायच्या केसा सगळे किलोवर मोडीत गेले.

कोणाच्या माळ्यावर अजून एखादा ठसा पडला असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्याला शाई लावून कागदावर एकदा दाबून बघा. आरशात बघितल्यासारखे वाचत बसावे लागणार नाही.