हापूस मातीचा, कोड कोणाचा?

मे महिन्यात पुण्या-बंगळुरूची सॉफ्टवेअरवाली मुलं रत्नागिरीला घरी आली, की दुपारच्या जेवणानंतर ओटीवर एक वाद हमखास रंगतो. एकजण म्हणतो, प्रोग्रॅम म्हणजे शेवटी गणित. तेच इनपुट दिलं की तेच आउटपुट. मी नसता लिहिला तर दुसऱ्या कुणीतरी अगदी तसाच लिहिला असता, मग मालकी कसली? दुसरा म्हणतो, रात्र रात्र जागून मी लिहिला, म्हणजे माझाच. पहिल्याच्या बाजूने नियतिवाद बोलतो, दुसऱ्याच्या बाजूने घाम. कायदा मात्र या दोघांचंही पूर्णपणे ऐकत नाही.

घामाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २००७ रोजी लावला. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक हा तो खटला. ईस्टर्न बुक न्यायालयीन निकालांचे संपादित खंड छापते. प्रतिवादींनी निकालांची सॉफ्टवेअरं सीडीवर विकायला काढली होती. आमचं संपादन उचललं, अशी कंपनीची तक्रार. न्यायालयाने सांगितलं की निकालाचा मूळ मजकूर सर्वांचा आहे आणि त्यातले मुद्रणदोष सुधारणं, संदर्भ भरणं यात कष्ट असले तरी तेवढ्याने कॉपीराइट मिळत नाही. पण सलग मजकुराचे परिच्छेद कुठे पाडायचे, कोणते न्यायाधीश सहमत आणि कोणते असहमत हे कसं दाखवायचं, यात निवड आहे, विवेक आहे, ते संरक्षित. कोडलाही हीच फूटपट्टी लागते. आपला कॉपीराइट कायदा प्रोग्रॅमला साहित्यकृती मानतो. एखादी गोष्ट करण्याची एकच वाट असेल तर त्या वाटेवर कुणाचा हक्क नाही. दहा वाटा असताना तुम्ही एक निवडून बांधलीत, तर ती बांधणी तुमची.

म्हणजे गणितवाल्याचं निम्मं खरं ठरतं. पेटंटच्या बाबतीत तर निम्म्याहून जास्त. आपल्या पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमात गणिती पद्धत, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणकीय प्रोग्रॅम यांना पेटंट नाही असं स्पष्ट लिहिलंय. डिसेंबर २००४च्या अध्यादेशाने हे दार किलकिलं करायचा प्रयत्न केला होता, पण २००५ साली संसदेने ती दुरुस्ती गाळली. पुढे २०१९मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने फेरिद अल्लानी प्रकरणात म्हटलं, की प्रोग्रॅममुळे काही तांत्रिक परिणाम साधत असेल तर अर्ज सरसकट फेटाळू नका. तेव्हापासून ‘तांत्रिक परिणाम’ म्हणजे काय, यावर वकिलांची चूल पेटलेली आहे.

आता ओटीवरून बागेत उतरू. तिथेही बौद्धिक संपदाच लटकलेली असते, फक्त तिचा पाया अगदी उलटा आहे. ३ ऑक्टोबर २०१८ रोजी हापूसला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यालाच ते नाव. जीआय कायदा १९९९चा. वस्तूचा दर्जा, लौकिक किंवा एखादा गुण मुख्यतः तिच्या भूमीमुळे आलेला असावा, ही त्याची अट. आंब्याचं कलम म्हणजे मूळ झाडाची जनुकीय नक्कल. कोकणातली कलमं आफ्रिकेत मलावीला गेली आणि तिथला हापूस नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीच्या बाजारात येऊ लागला. कोड तोच, यंत्र वेगळं. कोकणचं म्हणणं असं, की चव ठरवते ती इथली जांभ्याची जमीन आणि समुद्राकडून येणारी हवा. इथे निवडीला जवळजवळ काहीच किंमत नाही. भूमी जे घडवणार ते घडवणार, म्हणून नाव भूमीचं. नियतिवादाला कायद्याने दिलेली एवढी उघड मान्यता मला तरी दुसरीकडे दिसत नाही.

ती मान्यता थोडी लबाडही आहे. पालघर ते सावंतवाडी सगळीकडे माती एकच कशी? देवगडवाला आणि रत्नागिरीवाला यांना एकमेकांचा आंबा एकाच तोडीचा आहे हे कबूल करायला लावा, मग बोलू. पण एक गोष्ट या कायद्याने नीट केली. जीआय कुणालाही विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही; नोंदणीचं दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत ते पिढ्यान्‌पिढ्या चालवता येतं. पेटंट वीस वर्षांत संपतं, कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी. भूमी मरत नाही, हे त्यामागचं साधं तर्कशास्त्र.

नियतिवादाच्या वादात रत्नागिरीकरांना घरचाच आधार आहे. टिळक आळीत १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहिलं. त्याचं दहावं प्रकरण ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’. सृष्टी कार्यकारणाच्या साखळीने बांधलेली, मग माणूस मोकळा कसा, हाच तिथला प्रश्न. टिळक साखळी नाकारत नाहीत आणि स्वातंत्र्य योगायोगातही शोधत नाहीत. स्वातंत्र्य ते आत्म्याच्या ठायी ठेवतात. वेदान्त पटो न पटो, योगायोग म्हणजे स्वातंत्र्य नव्हे हा भेद आज फार उपयोगी पडतो. एआयला तोच प्रश्न दोनदा विचारला की दोन वेगळी उत्तरं येतात, म्हणून त्याला प्रतिभा आहे असं सांगणारे ओटीवर भेटतातच. ते वेगळेपण संभाव्यतेच्या फाशांतून येतं. फाशांचं बीज म्हणून दिलेला आकडा तोच ठेवला, तर उत्तरही बहुधा तेच येतं. फासे टाकणारा लेखक होत नाही, आणि फासे तर नाहीतच.

कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने याची थोडी सोय करून ठेवली आहे. संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता कोण, तर ती घडवून आणणारी व्यक्ती. ही व्यक्ती म्हणजे सूचना टाइप करणारा, मॉडेल बनवणारी कंपनी, की ज्यांच्या लिखाणावर मॉडेल शिकलं ते हजारो लोक? कायदा तिथे गप्प आहे. यातल्या शेवटच्या गटातली एएनआय ही वृत्तसंस्था ओपनएआयविरुद्ध नोव्हेंबर २०२४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेली.

कायदा बोलेपर्यंत ओटीवरच्या मंडळींनी दोन कामं करावीत. ज्याने रात्री जागून कोड लिहिला त्याने आधी आपलं नेमणूकपत्र काढून वाचावं. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कायद्याने नोकरी देणाराच असतो. आणि जो ‘कोड सगळ्यांचा’ म्हणतो त्याने आपल्या गिटहबवरच्या कामाला परवान्याची फाईल जोडावी. ती नसेल तर कायद्याच्या नजरेत त्या कोडचे सगळे हक्क त्याच्याकडेच राखीव असतात, त्याचा नियतिवाद काहीही म्हणो.