लहरी हवामान आणि वाइनची द्राक्षं

वेळापूर परिसर ऊस-डाळिंबाचा. पण याच माळशिरस तालुक्यात, अकलूजजवळच्या मोटेवाडीत ‘फ्रटेली’ची वायनरी आहे. इथली वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तिच्यातून काडी तयार होते. पावसाळा सरताना फळछाटणी, तिच्यातून घड. फळछाटणीनंतरचे पहिले पन्नासेक दिवस नाजूक असतात. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये सोलापूर जिल्ह्यात झाली तशी अतिवृष्टी नेमकी तेव्हा झाली, तर घड कुजतात, फुलोरा गळतो. डाउनी हा बुरशीजन्य रोग पानावर तेलकट पिवळा डाग पाडतो, खालून पांढरी बुरशी धरते. पान गेलं की मण्यात साखर भरायची कशी?

तोडणीच्या तोंडावर, जानेवारी-फेब्रुवारीत पाऊस आला तर मणी पाणी शोषून तडकतात, साखर उतरते. उलट ऊन लवकर तापलं तर साखर झपाट्याने चढते, पण आंबटपणा घटतो आणि वाइन बेचव होते. म्हणून साखर आणि आम्ल दोन्ही तपासूनच तोडणीचा दिवस ठरतो. ती पहाटेच्या गारव्यात उरकतात. अवघड हंगामात माल कमी निघतो. तरी सडके घड कात्रीने वेगळे काढणारे मजूर वाइनची प्रत राखतात. त्यांच्या कष्टांची दखल घ्यायलाच हवी.