परमुलखातली चूल (लेखांक ९) : आधण चढवण्याआधी

जपानी शेवयांचं एखादं छोटं दुकान रेणापुरात काढायचं म्हटलं, तर गाडं अडेल कशावर? पिठावर नाही. लातूरच्या बाजारात मैदा हवा तेवढा मिळतो. सोया सॉस तर आता चायनीजच्या गाड्यावरही असतो. हाताखाली माणूस घेऊन त्याला शिकवताही येईल. अडेल ते पाण्यावर. बोअरला किती इंच पाणी आहे, उन्हाळ्यात टँकर कितीला पडेल आणि सांडपाणी सोडायचं कुठे, हे तीन प्रश्न सुटले तर बाकीचं जमण्यासारखं आहे.

गेल्या आठवड्यात आपण रामेनच्या रश्श्यात होतो. हाडं तासन् तास उकळणाऱ्या त्या दुकानांना घोर असतो तो गॅसचा. आजचं दुकान उदोनचं आहे. उदोन म्हणजे गव्हाच्या पिठाच्या जाडजूड, पांढऱ्या, गुळगुळीत शेवया. त्या जपानभर मिळतात, पण त्यांचं माहेर मानलं जातं शिकोकू बेटावरच्या कागावा प्रांताला. या मुलखाचं जुनं नाव सानुकी, म्हणून सानुकी उदोन. क्षेत्रफळाने हा जपानमधला सगळ्यात लहान प्रांत; आपल्या लातूर जिल्ह्याच्या जेमतेम पाव. २०११ साली तिथल्या प्रशासनाने ‘उदोन प्रांत’ असं नाव मिरवत स्वतःची जाहिरातच सुरू केली.

आता खरी मेख. जपानमधल्या कमी पावसाच्या मुलखांपैकी हा एक. कागावाची राजधानी तकामात्सु. तिथे वर्षाला अकराशे-साडेअकराशे मिलिमीटर पाऊस पडतो. हा आकडा ऐकून आपल्याकडचा शेतकरी हसेल, पण भातावर जगणाऱ्या देशात तो तुटीचाच. मोठी नदी नाही, डोंगरावरून आलेलं पाणी बघता बघता समुद्राला मिळतं. म्हणून पिढ्यान् पिढ्या लोकांनी तळी बांधली. बारा-चौदा हजार तळी आहेत एवढ्याशा प्रांतात. त्यातलं सगळ्यात मोठं मान्नो. त्याचा फुटलेला बांध ८२१ साली कूकाई नावाच्या बौद्ध भिक्षूने पुन्हा बांधून घेतला. चीनहून उदोनही त्यानेच आणला, असं तिथले लोक सांगतात. बांधाची नोंद इतिहासात आहे, उदोनची गोष्ट दंतकथेत. पण दुष्काळी मुलखाने पाणी आणि अन्न दोन्ही एकाच साधूच्या नावावर टाकावं, यात मला तरी काही वावगं वाटत नाही.

भात निघाला की रिकाम्या रानात गहू, कारण गव्हाला पाणी कमी लागतं. म्हणजे पाऊस कमी म्हणून गहू आला, गहू आला म्हणून उदोन आला, आणि या उदोनचं दुकान चालवायला लागतं ते बेसुमार पाणी.

दुकानाचं काम सुरू होतं आदल्या दिवशी. पीठ, पाणी आणि मीठ, एवढ्या तीनच वस्तू. मिठाचं पाणी आधी वेगळं कालवून ठेवतात आणि त्याचं प्रमाण ऋतूप्रमाणे बदलतं. जुन्या कारागिरांचा ठोकताळा असा, की ऐन उन्हाळ्यात एक वाटी मिठाला तीन वाट्या पाणी, कडाक्याच्या थंडीत सहा वाट्या, मधल्या दिवसांत पाच. उन्हाने कणीक सैल पडते आणि मीठ तिला आवळून धरतं, म्हणून उकाड्यात मीठ जास्त. रेणापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. तिथल्या उन्हाळ्याचं प्रमाण आपल्याला बहुधा पुरणार नाही, स्वतःचं बसवावं लागेल.

मग तिंबणं. सानुकीत ही कणीक पायाने तिंबतात. ऐकायला कसंसंच वाटतं, पण हाताने हे काम होत नाही. ही कणीक पोळीच्या कणकेपेक्षा पुष्कळ घट्ट असते, इतकी की सुरुवातीला नुसता भुगाच दिसतो. तो गोळा करून जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळतात आणि मोजे घातलेल्या पायांनी त्यावर उभं राहून टाचेने, चवड्याने, मधून कडेकडेला सरकत तुडवतात. गोळा पसरून चपटा झाला की उलगडायचा, घडी घालायची, पुन्हा चढायचं. असं बऱ्याच वेळा झालं की भुग्याची गुळगुळीत, चिवट लादी होते. मग ती मुरायला ठेवायची. मुरली की पुन्हा तुडवायची. त्यानंतर उंडे करून पुन्हा विसावा. पुष्कळ दुकानांत आता या कामाला यंत्र आहे, तरी यंत्रातून निघाल्यावर शेवटचं पायाने तुडवल्याशिवाय चैन न पडणारे मालक आहेतच.

आपल्या बायका हातशेवयांची कणीक भिजवून तास-दोन तास झाकून ठेवतात ती याचसाठी. गव्हातला चिवटपणा एकदा ताणला की त्याला सैल व्हायला वेळ द्यावा लागतो, नाहीतर लाटलेलं मागे सरकतं आणि ओढलेलं तुटतं. शेवयांना बन्सी गहू चांगला, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक. उदोनला मात्र वेगळी जात लागते: मऊ, पण ताण सोसणारी. गंमत म्हणजे सानुकीचा उदोन गेली कित्येक दशकं मुख्यतः ऑस्ट्रेलियाच्या गव्हावर चालतो. घरचा गहू मागे पडला म्हणून कागावाने २००० साली स्वतःचा नवा वाण काढला, नाव ठेवलं ‘सानुकीचं स्वप्न’. तरी ऑस्ट्रेलियाची पोती थांबलेली नाहीत.

पहाटे दुकानात दिवा लागतो. रश्श्याची सोय रात्रीच झालेली असते. छोटे सुके मासे, ज्यांना इरिको म्हणतात, डोकं आणि पोटातली घाण काढून पाण्यात भिजत पडलेले असतात. डोकं ठेवलं तर रस्सा कडवट होतो. इबुकी नावाच्या बेटावरचा इरिको नावाजलेला. सोबत कोम्बु, म्हणजे वाळवलेलं समुद्री गवत. पाणी हळूहळू तापवायचं, उकळी फुटायच्या आत कोम्बु बाहेर काढायचा आणि मग मासे थोडा वेळ उकळू द्यायचे. इथेही पाणी आडवं येतं. जपानचं पाणी साधारण मऊ असतं, त्यात कोम्बुचा रस चांगला उतरतो. जड पाण्यात उतरत नाही. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, हे लातूरसारख्या डाळीच्या पेठेला वेगळं सांगायला नको. आपल्या काळ्या खडकातल्या पाण्यात कोम्बु टाकला तर त्याचीही तीच गत. रश्श्यापुरतं तरी फिल्टरचं पाणी विकत घ्यावं लागेल. शाकाहारी गिऱ्हाईकासाठी मासे वगळून नुसत्या कोम्बुचा आणि सुकवलेल्या अळंबीचा रस्सा होतो, आणि तो बरा लागतो.

आणि मग आधण. दुकानातली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे आधणाची कढई, चांगली रांजणाएवढी. शेवयांच्या वजनाच्या निदान दहापट पाणी हवं, म्हणजे किलोला दहा लिटर. कमी पाण्यात टाकल्या की पाण्याची उकळी बसते, शेवया एकमेकींना चिकटतात आणि बाहेरून गिच्च होतात. जाडीप्रमाणे दहा ते पंधरा मिनिटं शिजवायच्या. एवढ्या वेळात शेवयांतलं बरंचसं मीठ आणि पिठाची पेज पाण्यात उतरते. दोन-चार घाण्यांत आधण दाट आणि खारट होतं. म्हणून कढईत ताजं पाणी सतत सोडत राहावं लागतं आणि वरचं फेसाळ पाणी वाहून जाऊ द्यावं लागतं. हे जो वाचवायला जातो, त्याच्या दहा वाजताच्या आणि बारा वाजताच्या उदोनमध्ये फरक पडतो, आणि गिऱ्हाईकाला तो कळतो.

एवढ्यावर भागत नाही. शिजलेल्या शेवया झाऱ्याने काढून थेट गार पाण्यात टाकतात आणि दोन्ही हातांनी चोळून धुतात. अगदी कपडे खळबळून काढावेत तसं. वरचा बुळबुळीत थर निघून जायला हवा आणि गरम शेवई एकदम आक्रसायला हवी. दाताखाली जो चिवट लवचिकपणा लागतो तो इथे येतो. पहिलं पाणी दुधाळ, दुसरं धुरकट, तिसरं नितळ. उन्हाळ्यात नळाचंच पाणी कोमट येतं, मग बर्फ टाकावा लागतो. हिवाळ्यात धुणाऱ्याची बोटं बधिर होतात. धुतलेल्या शेवयांचे एकेका वाटीपुरते गुंडाळे करून ओळीने मांडून ठेवतात.

इथून पुढे घड्याळाशी शर्यत. हे गुंडाळे फार वेळ ठेवण्यासारखे नसतात. अर्ध्या तासात त्यांचा जीव जातो असं चोखंदळ मालक म्हणतात. म्हणजे मोठा घाणा एकदाच काढून निवांत बसता येत नाही. रांग बघून पंधरा मिनिटं पुढचा अंदाज करत लहान लहान घाणे टाकायचे. जास्त टाकले तर फुकट, कमी टाकले तर रांग उभी. आमच्या मते मालकाची खरी अक्कल इथेच लागते, बाकी सगळं कष्टाने येतं.

वाढण्याचं काम मात्र अगदी थोडं. पुष्कळ दुकानांत गिऱ्हाईक स्वतःच जाळीच्या झाऱ्यात गुंडाळा घेऊन गरम पाण्यात बुडवतं, वाटीत टाकतं, तोटीखाली धरून रस्सा घेतं, वर कांद्याची पात भुरभुरतं, शेजारच्या परातीतलं एखादं तळण उचलतं आणि पैसे देतं. खायला पाच-सात मिनिटं. साधी वाटी तीन-चारशे येनच्या आसपास, आपल्या हिशोबात दोनशे रुपयांच्या आतबाहेर. दुपारी एक-दोनला शेवया संपल्या की दुकान बंद. संध्याकाळी उघडत नाहीत असे बरेच. आळस म्हणून नव्हे. दुपारनंतर पुन्हा तुडवणं, मुरवणं आणि मासे सोलणं असतं.

उरतं ते सांडपाणी. पेज मिसळलेलं ते पाणी गटारात साचलं की आंबतं, वास सुटतो. कागावात छोट्या दुकानांच्या अशा पाण्याने ओढे-नाले नासले, तेव्हा प्रशासनाला त्यात लक्ष घालावं लागलं. कुरडयांच्या चिकाची भांडी धुतलेलं पाणी दारात ओतलं की दुसऱ्या दिवशी काय होतं, ते आठवून बघा आणि त्याला रोजच्या शेकडो वाट्यांनी गुणा. रेणापुरात उघड्या नालीवर हे चालणार नाही. जागा बघतानाच शोषखड्ड्याची, नाहीतर मागच्या रानात पाणी नेण्याची सोय बघावी लागेल. त्यातही मिठामुळे सगळंच पाणी पिकाला देता येत नाही. धुण्याचं पाणी वेगळं काढलं तर काही झाडं जगतील.

आणि पाऊस दगा देतो तेव्हा? कागावाचं बरंचसं पाणी डोंगरापलीकडच्या कोची प्रांतातल्या सामेउरा धरणातून कालव्याने येतं. आपलं लातूर शहर बीड जिल्ह्यातल्या धनेगावच्या मांजरा धरणाकडे डोळे लावून बसतं, तसंच. १९९४च्या दुष्काळात तकामात्सुचे नळ दिवसाचे बरेच तास बंद राहिले. २००५च्या उन्हाळ्यात सामेउराचा उपयुक्त साठा शून्यावर आला आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका वादळाने ते धरण एका दिवसात भरून टाकलं. आपल्याकडे २०१६च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली, १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींची पहिली पाणीगाडी आली, पाच लाख लिटरची. आणि त्याच वर्षीच्या पावसाने मांजरा भरलं. कागावात पाणी कमी पडलं की उदोनवाल्यांवर शेरे मारायची पद्धत आहे, की शेवया उकळून उकळून धरण यांनीच रिकामं केलं. यात थट्टाच जास्त. दुकानांचं पाणी शेतीच्या पाण्यापुढे किरकोळ असतं. आपल्याकडेही हॉटेलवाल्याच्या पिंपाकडे बोट दाखवणं सोपं, उसाकडे दाखवणं अवघड.

तेव्हा रेणापुरात कुणी धाडस केलंच, तर फळ्यावर पहिला पदार्थ कामाआगे लिहावा. यात शेवया धूतच नाहीत. कढईतून काढायच्या, त्याच गरम पाण्यासकट लाकडी बादलीत वाढायच्या, आणि गिऱ्हाईकाने एकेक उचलून दाट रश्श्यात बुडवून खायच्या. धुण्याचं पाणी वाचतं, रस्साही वाटीभरच लागतो. अट एकच, गिऱ्हाईक समोर बसल्यावरच शिजवायच्या, म्हणजे त्याला पंधरा मिनिटं थांबायला लावायचं. रेणुकादेवीच्या दर्शनाला आलेले लोक थांबतील, बस पकडायला आलेले थांबणार नाहीत. म्हणून जागा स्टँडजवळ न घेता देवळाच्या वाटेवर घ्यावी. गार उदोन फक्त पावसाळ्यानंतर, बोअर भरलेले असताना.

उरलेल्या शेवयांचं काय, हा शेवटचा प्रश्न. तकामात्सुत २०१२पासून एक प्रयोग चालू आहे. टाकून दिलेला उदोन गोळा करून त्यापासून गॅस काढायचा, गॅसवर वीज करायची आणि उरलेला चोथा खत म्हणून गव्हाच्या रानात घालायचा. आपल्याकडे गावात गोबरगॅसची टाकी कुणाच्या ना कुणाच्या गोठ्यामागे असते. त्याच्याशी आधी बोलून ठेवलं तर बरं. तोपर्यंत म्हैस आहेच.

पुढच्या लेखांकात सोबाचं दुकान. तिथे आधणात मीठ उतरत नाही, त्यामुळे ते पाणी ओतून देत नाहीत. जेवण झाल्यावर गिऱ्हाईकालाच प्यायला देतात.