दहावीची सुटी आणि आजोबांची नोंद

दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते. निकाल साधारणतः मे महिन्यात लागतो. या मधल्या काळात सटाणा परिसरातील अनेक मुले कांदा काढणीत घरच्यांना हातभार लावतात. तो आवश्यकच आहे; परंतु पुढील प्रवेशाची तयारीही याच सुटीत व्हावयास हवी.

राखीव जागेवरील प्रवेशासाठी जातीचा दाखला व त्याची पडताळणी हे सर्वांत वेळखाऊ काम होय. अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, तर इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. याकरिता आजोबांची शाळेतील नोंद मोलाची ठरते. मुल्हेर-साल्हेरकडील ज्या आदिवासी कुटुंबांत आजोबा शाळेतच गेले नाहीत, तेथे जन्म-मृत्यूची नोंदवही वा जुनी महसुली कागदपत्रे शोधावी लागतात. निकालानंतर हा शोध सुरू केल्यास प्रवेशाची मुदत हातची जाते.

सुटीत एखादा व्यवसायही जवळून पाहता येतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील वीजतंत्री व जोडारी हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, तर संधाता एका वर्षाचा आहे. काही व्यवसायांना दहावी अनुत्तीर्णही पात्र असतात. शिवाय, २०१५ पासून निकालापाठोपाठ फेरपरीक्षा होत असल्याने नापासांचे वर्ष वाया जातेच असे नाही.

मुख्याध्यापकांनी जुनी प्रवेश-निर्गम नोंदवही उघडावी, ग्रामपंचायत सदस्यांनी पालकांना सोबत घेऊन अर्ज भरवावेत. एवढ्याने अनेक मुलांचे प्रवेश वेळेत होतील.