पिवळी वायर, एचडीएमआय आणि खिशाचं गणित

घरात नवा टीव्ही आला की इंजिनिअरिंगला असलेल्या मुलामुलींना हमखास प्रश्न येतो, "अरे, वायर कुठली घ्यायची? दुकानदार म्हणतोय महागातली घ्या, चित्र जास्त स्वच्छ दिसतं." मग तुमची ब्रँच सिव्हिल असो की केमिकल, उत्तर द्यावंच लागतं! एकाच लांबीची केबल दोन-तीनशे रुपयांतही मिळते आणि दोन हजारांतही. मग जास्तीच्या पैशांत नेमकं काय जास्त मिळतं? त्यासाठी वायरमधून काय वाहतं ते आधी पाहू.

जुन्या टीव्हीच्या मागे पिवळी, लाल आणि पांढरी अशी तीन भोकं असायची. लाल-पांढरी आवाजाची, पिवळी चित्राची. उजेड, रंग आणि ओळी जुळवणारे पल्स हे सगळं त्या एकाच पिवळ्या वायरमधून ॲनालॉग रूपात जातं. ॲनालॉग म्हणजे व्होल्टेज जेवढं, तेवढा उजेड. वाटेत शेजारच्या वायरचा आवाज मिसळला की तो थेट पडद्यावर दिसणार: दाणे, सावल्या, हलणाऱ्या रेघा. त्यामुळे चांगल्या शिल्डिंगची ७५ ओहमची केबल तिथे खरोखर फरक दाखवायची. "महाग ते चांगलं" हा समज तेव्हा अगदीच खोटा नव्हता.

एचडीएमआयचं पहिलं स्पेसिफिकेशन डिसेंबर २००२ मध्ये आलं आणि गणित बदललं. या कनेक्टरला १९ पिना असतात. नेहमीच्या एचडी चित्रासाठी तीन जोड्यांमधून चित्राचा डेटा जातो आणि चौथीतून क्लॉक. प्रत्येक जोडीतल्या दोन तारांवर एकमेकांच्या उलट सिग्नल असतो आणि टीव्ही फक्त दोघांतला फरक मोजतो. बाहेरचा नॉइज दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच बसतो, म्हणून वजाबाकीत तो निघून जातो. डिफरन्शियल ॲम्प्लिफायरचं प्रॅक्टिकल आठवा!

उरतं काय, तर ० की १ एवढाच निर्णय. तो बरोबर लागला तर स्वस्त केबलमधून आलेलं चित्र आणि महाग केबलमधून आलेलं चित्र बिट अन् बिट सारखंच. केबल कमी पडली तर रंग "जरा फिके" होत नाहीत. पडद्यावर चमकणारे ठिपके येतात, चित्र मधेच काळं होतं, नाहीतर सरळ "नो सिग्नल". म्हणजे चित्र नीट येत असेल, तर जास्त पैसे घालून ते आणखी खुलणार नाही.

मग कुठलीही केबल चालते का? नाही. केबलला तेवढा वेग पेलला पाहिजे. १०८०पी चित्रात, ब्लँकिंग धरून, सेकंदाला १४ कोटी ८५ लाख पिक्सेल जातात. प्रत्येक पिक्सेलचे २४ बिट. पण ८ बिटांचे १० करून पाठवतात, म्हणून ३०. गुणाकार करा: सुमारे ४.४६ गिगाबिट प्रति सेकंद. ४के ६० फ्रेमला याच्या चौपट, म्हणजे १७.८२. आता केबलचे वर्ग बघा. "हाय स्पीड" १०.२ गिगाबिटपर्यंत, "प्रीमियम हाय स्पीड" १८ पर्यंत आणि "अल्ट्रा हाय स्पीड" ४८ पर्यंत. साध्या एचडी सेट टॉप बॉक्सला पहिली भरपूर झाली. ४के टीव्हीला दुसरी. तिसरी लागते ती ४के १२० फ्रेमवर खेळणाऱ्या गेमिंग कन्सोलवाल्यांना. खोक्यावर "२.०", "२.१" असे आकडे मोठ्या अक्षरात असतात, पण ते उपकरणांच्या आवृत्तीचे. केबल घेताना वर्ग वाचा. प्रीमियम आणि अल्ट्राच्या खोक्यावर स्कॅन करून तपासता येईल असं लेबलही असतं.

दुसरी गोष्ट लांबीची. फ्रीक्वेन्सी आणि लांबी वाढली की सिग्नल क्षीण होतो. म्हणून दीड-दोन मीटरमध्ये काम होत असेल तर "असू दे जास्तीची" म्हणून पाच मीटर घेऊ नका. भिंतीतून न्यायची असेल तर पाइपमधून न्या, म्हणजे उद्या बदलताना प्लास्टर फोडावं लागणार नाही.

सोन्याचा मुलामा? सोनं गंजत नाही, एवढाच त्याचा उपयोग. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत तो चांगलाच. पण त्याने चित्र सोनेरी होत नाही.

उलट खरं नुकसान वेगळ्याच ठिकाणी होतं. कित्येक घरांत एचडी बॉक्स आणि एचडी टीव्ही असूनही जोडणी पिवळ्या वायरनेच केलेली असते. त्या वायरमधून आपल्याकडच्या पॅल पद्धतीच्या ५७६ ओळीच येतात. एचडीचे पैसे दर महिन्याला भरायचे आणि बघायचं जुनंच चित्र! तिथे साधी एचडीएमआय केबल लावली तरी डोळ्यांना फरक कळतो. तसंच, एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना अशी नुसती वायर स्वस्त मिळते, ती घेऊ नका. डिजिटलचं ॲनालॉग करायला मधे सर्किट लागतं, त्यामुळे पॉवर घेणारा कन्व्हर्टरच हवा.

वाचलेले पैसे घालायचेच असतील तर छतावर घाला. डिशपासून बॉक्सपर्यंतच्या केबलमधून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा सिग्नल खाली येतो आणि त्याच तारेने १३ किंवा १८ व्होल्ट वर जातात. इथे चांगली आरजी-६ केबल आणि घट्ट बसवलेला एफ कनेक्टर हवा. जाळीची एक तार जरी मधल्या तांब्याला टेकली तरी शॉर्ट. जोरदार पावसात सिग्नल जाणं हे ढगांचं काम. पण पाऊस थांबून बराच वेळ झाला तरी चित्र अडखळत असेल तर कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय का ते बघा. रबराची टोपी आणि केबलला खाली दिलेला एक झोल यांचा खर्च अगदी किरकोळ.

थोडक्यात काय, तर दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा: टीव्ही आणि बॉक्सच्या मागे कुठली भोकं आहेत, चित्र १०८०पी आहे की ४के आणि अंतर किती मीटर. तेवढ्यावर केबल ठरते. दुकानदाराने "याच्यात रंग जास्त उठून दिसतात" म्हटलं तर हसून तीच दोन-तीनशे रुपयांची, पण योग्य वर्गाची केबल मागा. आणि घरी लावून पाहीपर्यंत बिल जपून ठेवा!