‘ताकदीचं औषध’ आणि सकाळचं ऊन

जबलपूरजवळच्या सिहोऱ्यात आमचं औषधांचं दुकान आहे. सासरे नागपूरहून इकडे आले तेव्हापासून घरात मराठी आणि काउंटरवर हिंदी, असा आमचा संसार. दिवाळी उलटली की खोकल्याची बाटली आणि व्हॅसलीन यांच्या जोडीला आणखी एक मागणी सुरू होते. गिऱ्हाईक बाकीचे लोक जाईपर्यंत रेंगाळतं आणि मग हळूच म्हणतं, “भाभीजी, कुछ ताकत का दे दो. मन ही नहीं लगता.”

मी आधी झोपेचं आणि भुकेचं विचारते. उत्तरं बहुतेक ठरलेली. रात्री लवकर पडतो, तरी सकाळी रजाईतून निघवत नाही. सारखं गोड नाहीतर तळलेलं खावंसं वाटतं. कुणी घरी आलं तर नको होतं. यांना वाटतं रक्त कमी झालंय, घरचे म्हणतात आळस भरलाय. काहींचं रक्त खरंच कमी असतं, काहींचा थायरॉइड बिघडलेला असतो. म्हणून टॉनिक घेण्याआधी तपासणी करा, असं मी सांगते. पण सगळे रिपोर्ट चांगले येऊनही दर थंडीत हेच होत असेल, तर त्याचा विचार वेगळा करायला हवा.

नॉर्मन रोझेन्थाल हे मानसोपचारतज्ज्ञ मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. अमेरिकेत गेल्यावर तिथल्या हिवाळ्यात आपला उत्साह मावळतो, हे त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 साली ऋतूबरोबर येणाऱ्या या नैराश्याचं शास्त्रीय वर्णन केलं. साध्या नैराश्यात पुष्कळदा झोप उडते, भूक मरते. हिवाळ्यातल्या या प्रकारात मात्र दोन्ही वाढतात आणि वसंतात माणूस पुन्हा माणसांत येतो.

याचं एक कारण प्रकाशात आहे. डोळ्यांच्या पडद्यावरच्या काही पेशी बघण्याचं काम फारसं करत नाहीत. उजाडलं की नाही, एवढी वर्दी त्या मेंदूतल्या घड्याळाला देतात. वर्दी मिळाली की झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन थांबतं. ती उशिरा किंवा अर्धवट मिळाली की घड्याळ मागे पडतं, आणि दिवसभर अंग जड, डोकं जड.

आता आमचा हिशेब बघा. कर्कवृत्त सिहोऱ्याच्या जवळूनच जातं. 22 डिसेंबरच्या सुमारास लंडनमध्ये दिवस पावणेआठ तासांच्या आसपास असतो, आमच्याकडे साडेदहा तासांहून मोठा. म्हणजे प्रकाशाचा दुष्काळ आमच्याकडे नाही, आणि हा आजार त्याच्या पुऱ्या रूपात उत्तरेकडच्या देशांत जास्त दिसतो. पण सकाळी धुकं, म्हणून दारं-खिडक्या बंद. आतल्या खोलीत ट्यूबलाइट, हातात मोबाइल, आणि दुकान उघडलं की संध्याकाळपर्यंत माणूस पुन्हा छपराखालीच. ट्यूबलाइटच्या खोलीत जेमतेम दोन-तीनशे लक्स उजेड असतो. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर हजारांत असतो. परदेशात या आजारासाठी सकाळी अर्धा तास 10,000 लक्सच्या दिव्यासमोर बसवतात. आमच्याकडे तेवढा उजेड सकाळी गच्चीवर फुकट मिळतो.

तेव्हा उठल्यावर तासाभरात बाहेर पडा. धुकं असलं तरी कानटोपी घालून पडा. अर्धा तास चाला किंवा बसा. सूर्याकडे टक लावून बघायचं नाही. उघड्यावर असणं पुरेसं आहे. डोळ्यांचा आजार असेल, किंवा कधी अतिउत्साहाचे झटके येऊन गेले असतील, तर दिव्याचे उपचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

इथे एक गफलत हमखास होते. “धूप म्हणजे व्हिटॅमिन डी,” म्हणून लोक 60,000 युनिटची पुडी मागतात. ते जीवनसत्त्व त्वचेत तयार होतं, तेही ऊन डोक्यावर आल्यावर. मनाचं घड्याळ लागतं ते डोळ्यांतून, सकाळी. पुडी सहसा आठवड्यातून एकदा घेण्यासाठी असते. रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून जिवावर बेतू शकतं.

दुसरी गोष्ट माणसांची. आमच्याकडे थंडीत मटारचा हंगाम जोरात असतो. दुपारी अंगणात बाजेवर चार बायका बसतात, मध्ये मटारचा ढीग, परातीत दाणे, पायाशी टरफलं, आणि तोंडाने गावभरच्या गप्पा. मानसोपचारात हेच तत्त्व वापरतात. मन लागेल तेव्हा करीन, असं म्हणायचं नाही. आधी हात कामाला लावायचे, मन मागून येतं. अमेरिकेत केली रोहन यांनी दिव्याचे उपचार आणि विचार-वर्तनाचे उपचार यांची तुलना केली, तेव्हा दोन हिवाळ्यांनंतर दुसऱ्या गटात आजार उलटण्याचं प्रमाण कमी आढळलं. म्हणून संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं टाळावंसं वाटत असेल, तर नेमकं तेव्हाच जावं. थंडी मारायला घेतलेली दारू मात्र झोपही बिघडवते आणि मनही.

काही जण सरळ झोपेची गोळी मागतात. अल्प्राझोलामसारखी गोळी चिठ्ठीशिवाय देता येत नाही. दिली की तिची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये ठेवावी लागते. तिची सवय लागते, आणि नैराश्य तिने बरं होत नाही. नैराश्यावरची औषधं वेगळी. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून ती मनाने एकदम बंद करायची नसतात.

उदासी, कशातच रस नसणं, स्वतःला कमी लेखणं हे दोन आठवडे जवळजवळ रोज राहिलं, तर मग ऋतू कोणताही असो, ऊन आणि मटार यांच्या भरवशावर राहू नका. जबलपूरच्या नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. जाणं जमत नसेल, तर 2022 पासून सुरू असलेल्या सरकारी ‘टेलिमानस’ला 14416 वर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, आणि मराठीतही बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर सकाळची वाट बघू नका. आत्ताच फोन करा आणि घरातल्या कुणाला तरी जवळ बसवून घ्या.